उभें राहण्याचे श्रम

मनुष्य चालतो, धांवतो, ओझें उचलतो, त्या वेळीं त्याच्या पायांना श्रम पडतात हें सर्वांना मान्य आहे. परंतु तो नुसता उभा असला, तर तो कांहीं काम करीत आहे असें कोणी म्हणत नाहीं. "नुसता उभा काय राहिलास, कांहीं काम कर," हें वाक्य घरोघरीं मुलांच्या कानांवर पडतें. आणि त्याच मुलाला शाळेंत तासभर उभें केलें, तर ती मात्र शिक्षा मानली जाते. उभें राहणें हें जर काम नव्हे, तर त्याची शिक्षा कशी होते? शरीरशास्त्राचा कौल या बाबतींत मास्तरांच्या बाजूचा आहे, घरच्या वडीलधाऱ्यांच्या बाजूचा नाहीं. उभा असलेला मनुष्य सारखा पडत असतो, आणि पडतां पडतां सांवरला जात असतो. हें सांवरण्याचें काम मुख्यतः गुडघ्याखालच्या स्नायूंकडे, म्हणजे पोटरीकडे, असतें.

शरीराची रचना पाहिली म्हणजे हें काम किती अवघड आहे तें समजतें. मनुष्याचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या एका बिंदूंत सर्व शरीराचें वजन एकवटलें आहे असें मानतां येतें तो बिंदु, बेंबीच्या थोडा खालीं, कमरेच्या मागील त्रिकास्थीच्या पुढें असतो. सतराव्या शतकांत इटलींतील जिओव्हानी आल्फोन्सो बोरेली यानें एका फळीवर मनुष्य आडवा निजविला, आणि ती फळी तराजूच्या दांडीप्रमाणें एका धारेवर तोलून हा बिंदु शोधून काढला. त्याचा प्राण्यांच्या हालचालींवरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८० व १६८१ या वर्षीं दोन भागांत प्रसिद्ध झाला. पुढें १८८९ सालीं लाइप्झिग येथील ब्राउने आणि फिशर या दोघांनीं गोठविलेल्या प्रेतांवर मोजमापें घेऊन तोच बिंदु अधिक काटेकोरपणें निश्चित केला. हा बिंदु जमिनीपासून जवळजवळ एक मीटर उंच. आणि त्याला खालीं आधार काय, तर दोन पावलें व त्यांच्यामधली चिंचोळी जागा. चौरंग चार पायांवर ठेवला कीं त्याची कोणाला काळजी करावी लागत नाहीं. मनुष्याची स्थिति चौरंगासारखी नाहीं. डोंबाऱ्याचें पोर तळहातावर जी काठी उभी धरतें, तिच्यासारखी ती आहे. तळहात सारखा हलत राहिला तरच ती काठी उभी राहते.

इतर कांहीं प्राण्यांना निसर्गानें या बाबतींत चांगलीच सवलत दिली आहे. घोडा उभ्यानें झोंप घेतो. त्याच्या पायांत कंडरा आणि अस्थिबंध यांची जुळणी अशी आहे कीं, सांधे एकदां जागच्या जागीं बसले म्हणजे स्नायूंना फारसे श्रम न पडतां पाय ताठ राहतात. मुंबईस शिवडीच्या खाडींत ज्यांचे गुलाबी थवे उतरतात, ते रोहित पक्षी एका पायावर खुशाल डुलकी काढतात. २०१७ सालीं अमेरिकेंतील यंग-हुइ चँग आणि लीना टिंग यांनीं असें दाखवून दिलें कीं, मेलेला रोहित पक्षीसुद्धां एका पायावर तोलून उभा करतां येतो. म्हणजे जेथें स्नायूंची शक्ति मुळींच उरलेली नाहीं, तेथेंहि नुसत्या हाडांची आणि सांध्यांची ठेवण पुरेशी होते. मनुष्याचें तसें नाहीं. ज्याला उभ्या उभ्या घेरी येते तो तत्क्षणीं कोसळतो.

मनुष्याला जी थोडीशी सवलत मिळाली आहे, ती खुब्यांत आणि गुडघ्यांत. आरामांत उभें असतां वजनाची रेषा खुब्याच्या सांध्याच्या किंचित् मागून व गुडघ्याच्या सांध्याच्या किंचित् पुढून जाते. त्यामुळें धड खुब्यावरून मागें कलूं पाहतें. पण त्या सांध्याच्या पुढच्या बाजूस शरीरांतील अतिशय बळकट असा एक अस्थिबंध आहे, तो त्याला अडवून धरतो. गुडघाहि मागच्या बाजूस वांकूं पाहतो. त्याला त्याच्या मागचे अस्थिबंध थोपवितात. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला त्या वेळीं जवळजवळ सुट्टीच असते. याची परीक्षा कोणत्याहि श्रोत्याला घरच्या घरीं करतां येईल. सैल उभें राहून घरांतल्या दुसऱ्या कोणाकडून गुडघ्याची वाटी बोटांनीं हलवून घ्यावी. ती इकडेतिकडे सहज सरकते. मग मांडी आवळून पुन्हां तसेंच करावें. आतां वाटी खिळा मारल्यासारखी घट्ट झालेली असते.

घोट्यापाशीं मात्र असलें कुलूप नाहीं. वजनाची रेषा घोट्याच्या सांध्याच्या चार-पांच सेंटीमीटर पुढें पडते, म्हणून सर्व शरीर घोट्यावरून पुढें झुकूं पाहतें. तें तोंडावर पडूं नये यासाठीं मागून कोणी तरी ओढून धरलें पाहिजे. ही ओढ पोटरीचे स्नायु टांचेच्या कंडरेमार्फत लावतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशीं बांधणारी चिवट दोरी. आणि टांचेची कंडरा ही शरीरांतील सर्व कंडरांत जाड व बळकट. घोट्याच्या सांध्यामागें सुमारें पांच सेंटीमीटर अंतरावर तिची ओढ लागते. आतां हिशेब अगदीं बाजारांतल्या तराजूचा आहे. एका बाजूस, पांच सेंटीमीटरवर, साठ किलो वजनाचा मनुष्य; दुसऱ्या बाजूस, तितक्याच अंतरावर, त्याच्या दोन टांचांच्या कंडरा. तोल राहावयाचा तर दोन्ही कंडरांत मिळून सुमारें साठ किलोंची, म्हणजे प्रत्येकींत तीस किलोंची, ओढ असली पाहिजे. तिकिटाच्या रांगेंत स्वस्थ उभ्या असलेल्या मनुष्याच्या प्रत्येक पोटरीवर पाण्यानें भरलेल्या दोन मोठ्या बादल्यांइतका भार लटकत असतो, आणि त्या बिचाऱ्याला त्याची वार्ताहि नसते.

पोटरींत मुख्य स्नायु दोन. तालीमबाजाच्या पायावर जो दोन फुगीर गोळ्यांनीं उठून दिसतो, तो वरचा स्नायु गॅस्ट्रोक्निमियस. त्याच्याखालीं दडलेला, चपटा आणि रुंद, तो सोलियस. लॅटिन भाषेंत 'सोलिया' म्हणजे वहाण. त्याच नांवाचा एक चपटा मासाहि आहे, कोंकणांत ज्याला लेपा म्हणतात त्याच्यासारखा. आखाड्यांत कौतुक होतें तें वरच्या स्नायूचें. उडी मारणें, वेगानें धांवणें, अशा झटक्याच्या कामांत तो पुढें असतो; पण तो लवकर थकतो. सोलियसचे सुमारें चार-पंचमांश तंतु मंदगति जातीचे आहेत. ते सावकाश आवळतात, फार जोरहि करीत नाहींत, परंतु रक्तांतून प्राणवायु मिळत राहिला तर तासन् तास थकत नाहींत. स्नायु आवळतांना त्यांत विजेचे अतिसूक्ष्म तरंग उठतात, व ते त्वचेवरून टिपतां येतात. १९५२ सालीं इंग्लंडांत जोसेफ आणि नाइटिंगेल या दोघांनीं स्वस्थ उभ्या असलेल्या माणसांच्या पायांवरून हे तरंग टिपले, तेव्हां सोलियस जागा आढळला. उलट पुढच्या बाजूचा, नडगीशेजारचा स्नायु बहुधा निजलेला होता. शरीर पुढेंच झुकलेलें असल्यामुळें त्याला काम पडत नाहीं. चुकून झोक मागें गेला, म्हणजे मग तो जागा होतो.

कितीहि निश्चल उभें राहण्याचा निश्चय केला, तरी शरीराचें डुलणें थांबत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील कार्ल फोन फिएरोर्ट यानें हें डुलणें कागदावर उतरविण्याची युक्ति काढली. उभ्या माणसाच्या डोक्यावर एक लेखणी बसवावयाची, आणि तिच्यावर काजळी धरलेला कागद टेकवावयाचा. तो मनुष्य आपण स्तब्ध आहोंत असें समजत असतां कागदावर वेड्यावांकड्या रेघांचा गुंता तयार होई. हे झोके लहान असतात. निरोगी तरुणांत कमरेपाशीं ते सहसा एक-दोन सेंटीमीटरपलीकडे जात नाहींत. पण ते असतात, आणि प्रत्येक झोक कोणी तरी परत फिरवावा लागतो.

तो कोण व कसा फिरवितो, या प्रश्नावर शास्त्रज्ञांचें मत शंभर वर्षांत बरेंच पालटलें आहे. १९२४ सालीं इंग्लंडांत लिडेल आणि शेरिंग्टन यांनीं असें सिद्ध केलें कीं, स्नायु ताणला गेला म्हणजे तो आपोआप आवळतो. स्नायूच्या पोटांत ताण मोजणारीं सूक्ष्म इंद्रियें आहेत. त्यांची वर्दी पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूस पोंचते, आणि मेंदूची वाट न पाहतां तेथूनच आवळण्याचा हुकूम सुटतो. पोटरीच्या बाबतींत या सर्व जाण्यायेण्याला सेकंदाचा सुमारें पंचविसावा भाग लागतो. शेरिंग्टन यांना १९३२ सालीं एड्रियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळालें. या शोधावरून उभें राहण्याचा उलगडा फार सोपा वाटूं लागला: शरीर पुढें झुकलें कीं पोटरी ताणली जाते, ताणली गेली कीं ती आवळते, आवळली कीं शरीर मागें येतें. पाठ्यपुस्तकांतून हाच उलगडा पिढ्यान् पिढ्या शिकविला गेला, आणि तो इतका सुटसुटीत होता कीं त्यावर शंका घेण्याचें कोणाला सुचूं नये यांत नवल नाहीं.

शंका आली ती कंडरेमुळें. टांचेची कंडरा बळकट असली, तरी ती लोखंडाची कांब नव्हे. ती ताणानें किंचित् लांबते. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत इयन लोरम, मार्टिन लेकी व त्यांचे सहकारी यांनीं ध्वनीच्या अतिसूक्ष्म लहरींनीं उभ्या माणसाच्या पोटरीचें चित्र प्रत्यक्ष घेतलें. गर्भांतील मुलाला पाहण्यासाठीं डॉक्टर जें यंत्र वापरतात, त्याच जातीचें हें यंत्र. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांत उलटाच प्रकार दिसला. शरीर पुढें झुकत असतां पोटरीचा स्नायु बहुतेक वेळां लांबत नव्हता, आंखूड होत होता. शरीर मागें येत असतां तो लांबत होता. विचार केल्यावर याचें कारण ध्यानांत येतें. झोक पुढें गेला कीं अधिक ओढ हवी. अधिक ओढीनें कंडरा लांबणार. म्हणून ती वाढीव लांबी गिळून वर ओढ कायम ठेवावयाची, तर स्नायूला आंखूड होण्यावांचून गत्यंतर नाहीं. परंतु मग स्नायु ताणला गेला म्हणून तो आवळला, हें स्पष्टीकरण एकटें पुरें पडत नाहीं. कारण तो ताणला गेलेलाच नाहीं.

त्याच निरीक्षणांत असेंहि दिसलें कीं, पोटरी एकसारखी ओढ धरून बसत नाहीं. सेकंदाला दोन-तीन वेळां ती लहान लहान हिसके देते व सैल सोडते. संक्रांतीला पतंग उडविणारा मुलगा मांजा जसा ताठ धरून ठेवीत नाहीं, मधून मधून खेंच देतो आणि ढील सोडतो, तशांतलाच हा प्रकार. पतंग खालीं आल्यावर खेंच देऊन उपयोग नसतो. तो आतां झुकणार हें ओळखून आधींच द्यावी लागते. पोटरीचे हिसकेहि असेच येणाऱ्या झोकाचा अंदाज घेऊन दिलेले असले पाहिजेत, असें या संशोधकांचें म्हणणें आहे. म्हणजे हा कारभार केवळ मज्जारज्जूच्या आपोआप चालणाऱ्या यंत्राचा नसून, त्यांत मेंदूचा हात आहे. शेरिंग्टन यांचा शोध त्यामुळें खोटा ठरत नाहीं. ठेंच लागली किंवा कोणी धक्का दिला म्हणजे त्यांची प्रतिक्षिप्त क्रिया धांवून येतेच. पण स्वस्थ उभें राहणें, जें सर्वांत सोपें वाटतें, त्याला अंदाज लागतो, आणि अंदाजाला माहिती लागते.

ही माहिती तीन वाटांनीं येते: डोळ्यांनीं, आंतल्या कानांतील तोल जाणणाऱ्या नलिकांनीं, आणि तळपाय, घोटे व पोटऱ्या यांच्या मज्जातंतूंनीं. या तिसऱ्या वाटेचें महत्त्व बर्लिनचे वैद्य मोरिट्झ रोंबर्ग यांनीं १८४० नंतरच्या दशकांत ओळखलें. मज्जारज्जूच्या एका विशिष्ट रोगानें पछाडलेले त्यांचे रोगी डोळे उघडे असतांना उभे राहूं शकत. डोळे मिटले कीं डुलूं लागत व पडत. सकाळीं तोंड धुण्यासाठीं वांकून डोळे मिटले कीं अशा रोग्यांचा तोल जाई. पायांकडून येणारी बातमी बंद पडली होती, आणि डोळ्यांनीं ती उणीव कशीबशी भरून काढली होती. तो रोग आतां क्वचित् आढळतो; पण मधुमेहानें तळपायांचे मज्जातंतु बधिर झालेलीं माणसें भारतांत कमी नाहींत. अंधाऱ्या जिन्यांत किंवा न्हाणीघरांत तोंडाला साबण लावून डोळे मिटले असतां त्यांच्यावर तोच प्रसंग येतो.

उलट माहितीचा एक लहानसा धागा वाढला तरी केवढा फरक पडतो, हें १९९४ सालीं जेका आणि लॅकनर यांच्या प्रयोगानें दिसलें. उभ्या माणसानें एका बोटाचें टोंक शेजारच्या स्थिर वस्तूला नुसतें टेकविलें, इतकें हलकें कीं त्याचा दाब शंभर ग्रॅमहूनहि कमी, तरी त्याचें डुलणें स्पष्टपणें कमी होतें. एवढ्या दाबानें साठ किलोंचें शरीर सांवरलें जाणें शक्य नाहीं. बोटाला फक्त कळतें कीं शरीर कोणीकडे चाललें आहे, आणि तें पोटरीला वेळेवर समजतें. म्हातारीं माणसें घरांत फिरतांना भिंतीला हात लावीत जातात, त्यांना सुनामुलांनीं हंसूं नये. काठीचाहि अर्धा उपयोग असाच आहे.

पोटरीला याखेरीज आणखी एक काम आहे, आणि त्याचा येथें संबंध येतो. पायांतील अशुद्ध रक्त हृदयाकडे वर चढावयाचें असतें. पोटरी आवळली कीं शिरा दाबल्या जातात, रक्त वर ढकललें जातें, आणि शिरांतील झडपा तें खालीं येऊं देत नाहींत. चालतांना हा पंप उत्तम चालतो. एका जागीं ताटकळत उभें असतां तो फारच मंदावतो. रक्त पायांत सांचतें, मेंदूला कमी पडतें. संचलनांत 'सावधान'च्या स्थितींत बराच वेळ उभा ठेवलेला तरणाबांड शिपाई एकाएकीं कोसळतो तो यामुळें. त्यांत त्याच्या शौर्याला कमीपणा येण्याचें कारण नाहीं. शहाणा शिपाई बुटांतल्या बुटांत पायांचीं बोटें हलवीत असतो. मूर्तिकारांनीं देवतांना एका पायावर भार टाकून, कमरेशीं किंचित् बांक देऊन उभें केलें, तें सौंदर्यासाठीं असेल. पण मोकळा सोडलेला मनुष्यहि तसाच उभा राहतो, आणि थोड्या थोड्या वेळानें पाय बदलतो.

ज्यांना पाय बदलण्यापलीकडे सोय नाहीं, त्यांचा प्रश्न निराळा आहे. कापडाच्या मोठ्या दुकानांतून काम करणाऱ्या स्त्रियांना गिऱ्हाईक नसतांनाहि दिवसाचे दहा-दहा तास बसूं दिलें जात नसे. पायांची सूज, फुगलेल्या शिरा, कंबरदुखी हीं त्याचीं फळें. केरळांत अशा स्त्रियांनीं वर्षानुवर्षें मागणी लावून धरली, आणि २०१८ सालीं त्या राज्यानें दुकानांच्या कायद्यांत दुरुस्ती करून नोकरांना बसण्याची सोय देणें मालकांवर बंधनकारक केलें. २०२१ सालीं तामीळनाडूनें तसाच कायदा केला. 'उभी तर आहे, काम काय करते' असें म्हणणाऱ्या मालकाला टांचेच्या कंडरेचा हिशेब कोणी समजावून दिला होता कीं नाहीं, कोणास ठाऊक!

उतारवयांत या व्यवस्थेचीं सर्वच अंगें थोडीं थोडीं ढिलीं होतात. दृष्टि मंदावते, कानांतील नलिकांची संवेदना घटते, मज्जातंतूंतून बातमी सावकाश येते, आणि पोटरी रोडावते. एकेक उणीव दुसऱ्यानें भरून निघते. दोन-तीन एकत्र आल्या म्हणजे मनुष्य पडतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं दिलेल्या अंदाजाप्रमाणें जगांत दरवर्षीं सुमारें ६,८४,००० माणसें पडल्यामुळें प्राणास मुकतात, आणि त्यांत साठीपलीकडच्यांची संख्या सर्वांत मोठी असते. एकदां खुब्याचें हाड मोडलें कीं पुष्कळ वृद्ध पुन्हां पहिल्यासारखे चालत नाहींत. पडण्याच्या भीतीनें ते बसून राहतात, आणि बसून राहिल्यानें पोटरी आणखी रोडावते.

समाधानाची गोष्ट अशी कीं, हा स्नायु म्हातारपणींहि ऐकतो. २०१९ सालीं ऑस्ट्रेलियांतील कॅथरीन शेरिंग्टन (वर आलेल्या शास्त्रज्ञांशीं त्यांचें साम्य आडनांवाचें) व त्यांचे सहकारी यांनीं वृद्धांवर केलेल्या १०८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचें प्रमाण २३ टक्क्यांनीं कमी आढळलें. आणि त्यांतहि तोल सांभाळण्याचे व उठबस करण्याचे व्यायाम अधिक भरंवशाचे ठरले. त्यांना सामान लागत नाहीं. खिडकीचा गज किंवा स्वयंपाकघराचा ओटा हाताशीं धरून टांचा सावकाश उचलाव्या व सावकाश टेकाव्या. मग एका पावलाच्या पुढें दुसरें पाऊल लावून उभें राहावें. मग क्षणभर एका पायावर. सरावानें हाताचा आधार बोटाच्या टोंकावर आणावा. ज्यांना घेरी येते किंवा पाय बधिर झाले आहेत, त्यांनीं आधीं डॉक्टरांना विचारावें, आणि जवळ कोणी असल्याखेरीज हें करूं नये.

काम काढून घेतलें तर पोटरीचें काय होतें, हें पाहण्याची संधि शास्त्रज्ञांना अंतराळांत मिळाली. १९७० च्या जून महिन्यांत आंद्रियान निकोलायेव्ह आणि व्हिताली सेव्हास्त्यानोव्ह हे सोव्हिएट अंतराळवीर सोयुझ ९ या यानांतून जवळजवळ अठरा दिवस पृथ्वीभोंवतीं फिरले. तेथें वजन नाहीं, म्हणून पडणें नाहीं, आणि सांवरणेंहि नाहीं. दोघेहि निवडक, धडधाकट वैमानिक व अभियंते. पण परत उतरल्यावर त्यांना यानांतून बाहेर येण्यास दुसऱ्यांची मदत घ्यावी लागली, आणि सरळ उभें राहणें त्यांना कांहीं दिवस जड गेलें. तेव्हांपासून दीर्घ प्रवासांत व्यायामाकडे कसोशीनें लक्ष दिलें जातें. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरील अंतराळवीर रोज सुमारें दोन तास व्यायामाला देतात, आणि त्यांत यंत्राच्या जोराविरुद्ध टांचा उचलण्याचा व्यायाम असतो. तरीहि पायांच्या स्नायूंत सोलियसची झीज विशेष होते. आणि परतल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत त्यांना डोळे मिटून उभें केलें, तर त्यांचा तोल जातो.